बसच्या पाटीची दुसरी बाजू

बसचं दार मागच्या अंगाला असायचं, त्या काळातली गोष्ट. कुसूर आणि धामणी या गावांमध्ये धावणाऱ्या बसच्या काचेत एक लोखंडी पाटी असे. तिच्या एका बाजूला ‘कुसूर’, दुसऱ्या बाजूला ‘धामणी’. गाव आलं की कंडक्टर मानेमामा ती उलटून लावत.

कुसूरबाजूचं तोंड बाहेर असताना तिला कुसूरला जाणारेच दिसत. ती तोऱ्यात म्हणे, “सगळं जग आमच्याकडे येतं. धामणीला कोण कुत्रं विचारतं?”

“मग बांगडीवाली हसीनाबी रोज सकाळी कुसूरला जाते, ती धामणीला परत न येताच?” धामणीबाजू पाठीमागून विचारी. कुसूरबाजू तिकडे कानाडोळा करी.

एका संध्याकाळी कुसूरच्या स्टँडवर मामा पाटी उलटायला विसरले. धामणीला जाणारी शेवटची गाडी सुटायला आली. समोर हसीनाबी टोपली घेऊन उभी. पाटी वाचून ती मागे सरली.

“आपली न्हाई ही. घरी पोरं वाट बघत असतील, आता कधी यायची आपली गाडी?”

कुसूरबाजूनं असं अंग झटकलं, की पाटी खणकन खाली पडली. मामांनी जीभ चावली आणि ती उलटून लावली.

आता कुसूरबाजूचं तोंड आत, मागच्या फळीला टेकलेलं. तिला काहीच दिसेना. शेवटी न राहवून तिनं हळूच विचारलं, “बसली का गं ती?”

धामणीबाजूनं समोरच्या दुकानाच्या काचेत गाडीचं प्रतिबिंब न्याहाळलं.

“बसली. खिडकीपाशी.”