पेटण्याआधीची तोटी

एकदा एका शिष्येच्या कानाला एक आवाज खटकला. घन इंधनाचे रॉकेट चाचणीच्या चबुतऱ्यावर आडवे बांधले होते. पूजा होऊन त्याला झेंडूचा हार घातलेला. तिने लाकडी हातोडीने त्याचे कवच सहज ठोकून पाहिले. सगळीकडून भरीव आवाज आला, पण हाराखाली एका जागी पोकळ. म्हणजे तिथे इंधन कवचापासून सुटले होते. त्या फटीत ज्वाळा शिरली तर कवच फाटणार, आणि चाचणी चालू असताना पलीकडच्या खोलीत तिची मैत्रीण मोजमाप घेत बसणार होती.

तिने चाचणीच्या प्रमुखांना सांगितले.

ते हसले. "तू दार वाजलं तरी दचकतेस. आणि पूजा झाल्यावर ठोकायचं नसतं, ही आपली रीत आहे ना? पाहुणे यायला निघालेत."

ती तिथून निघाली. मग टेकडी चढून जुन्या गुरूंकडे गेली.

तिने घडलेले सगळे सांगितले. "गुरुजी, मी काय करू?"

त्यांनी रॉकेलचा स्टोव्ह पेटवला. "विझव."

तिने चावी फिरवली. स्टोव्ह विझला.

मग त्यांनी फरशीवर घन इंधनाची नखाएवढी कपची पेटवली. "आता ही विझव."

तिने घाईने त्यावर पितळी वाटी उपडी घातली. वाटीखालून धूर येतच राहिला. उचलली तेव्हा आत काजळीच काय ती उरली होती.

"द्रव इंधनाच्या इंजिनात रॉकेल एका टाकीत," गुरुजी म्हणाले, "आणि गारठवून पातळ केलेला प्राणवायू दुसऱ्या. मधे तोट्या. चूक कळली की बंद करता येतं. घन इंधन आपला प्राणवायू पोटात घेऊनच घडतं. पेटलं की ते कुणाकडे काही मागत नाही, म्हणून कुणाचं ऐकतही नाही. त्याला तोटी एकच, पोरी. पेटवण्याआधी बोलणारं माणूस."

"मी बोलले की."

"एकदा. ते हसले आणि तू निघालीस. टेकडी चढलीस तो वेळ तुझ्या मैत्रिणीचा होता." ते काजळलेल्या वाटीकडे बघत राहिले. "आणि मी हे दाखवत बसलो, तोही."

तिने फोन लावला. मैत्रिणीचा बंद, चाचणीच्या वेळी असतोच. नियंत्रण कक्षाचा वाजत राहिला. सगळे पाहुण्यांच्या स्वागताला दारात उभे असतील. तिने पुन्हा लावला. पुन्हा लावला.

अखेर कुणीतरी उचलला.

"बोला. जरा मोठ्यानं बोला हां, आत्ताच पेटवलंय."

त्या आवाजामागची घरघर तिला आधी फोनमधून ऐकू आली. क्षणभराने तीच घरघर टेकडीखालून वर आली. या वेळी ती दचकली नाही.