वाकडूबाईला खरपूस व्हायचंय

रविवार होता. रेवूच्या बाबांनी पुडा फोडला. फर्रर्र!
मॅकरोनींनी पातेल्यात उड्या मारल्या. टप टप टप!
एक मात्र खाली पडली. टुक! थेट टेबलाखाली.
तिचं नाव वाकडूबाई. तशा सगळ्याच मॅकरोनी वाकड्या. ही जरा जास्तच.

बाकीच्या उकडल्या. पांढऱ्या सॉसमध्ये लोळल्या. ट्रेमध्ये बसून ओव्हनमध्ये गेल्या. दार बंद. टिक टिक टिक!

"अगं बाई, मी राहिले!"
वाकडूबाईला रडू आलं. पण ती तर कोरडी ठणठणीत. डोळ्यांत पाणीच येईना.
टिंग वाजलं की संपलं. मग कोण घेणार तिला आत?
निघाली वाकडूबाई. लुडुक लुडुक लुडुक!

"ओव्हनदादा, ओव्हनदादा, मला आत घ्या ना."
ओव्हन म्हणाला, "बाबांनी दार उघडल्याशिवाय मी नाही घेणार."

लुडुक लुडुक लुडुक! बाबा ओटा पुसत होते.
"बाबा, बाबा, दार उघडा ना.
ओव्हन मला घेईना,
मी खरपूस होऊ कशी?"
मॅकरोनी बोलली. बाबांना काही नवल वाटलं नाही. रविवारी असं व्हायचंच.
बाबा म्हणाले, "दार गरम आहे. रेवूने मोजा दिल्याशिवाय मी नाही उघडणार."

लुडुक लुडुक लुडुक! रेवूने बाबांचा जाडजूड हातमोजा डोक्यात घातला होता.
"रेवूताई, रेवूताई, मोजा दे ना.
बाबा दार उघडेनात,
ओव्हन मला घेईना,
मी खरपूस होऊ कशी?"
रेवू म्हणाली, "मोजा नाही काही! टोपी आहे! बोकोबाने खाली येऊन बघितल्याशिवाय मी नाही देणार."

लुडुक लुडुक लुडुक! बोकोबा फ्रिजवर झोपला होता.
"बोकोबा, बोकोबा, खाली या ना.
रेवू मोजा देईना,
बाबा दार उघडेनात,
ओव्हन मला घेईना,
मी खरपूस होऊ कशी?"
बोकोबाने एक डोळा उघडला. "किसणीने चीज किसल्याशिवाय मी नाही येणार."
आणि डोळा मिटला.

लुडुक लुडुक लुडुक! किसणी भिंतीला टेकून रुसली होती.
"किसणीमावशी, किसणीमावशी, चीज किसा ना.
बोका खाली येईना,
रेवू मोजा देईना,
बाबा दार उघडेनात,
ओव्हन मला घेईना,
मी खरपूस होऊ कशी?"
किसणी म्हणाली, "परवा गाजर हलवा केला. माझ्या भोकात गाजर अडकलंय. गुदगुल्या होतात गं! ही ही ही! गाजर काढल्याशिवाय मी नाही किसणार!"

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. टिक टिक टिक!
वाकडूबाईने स्वतःकडे बघितलं. टोक वाकडं. टोक टणक.
"थांबा मावशी!"
टोक घातलं भोकात. दिला हिसका. टुच्च! गाजर बाहेर!

"हुश्श!" म्हणाली किसणी. मग काय!
किसणी चीज किसू लागली. खस खस खस!
बोका खाली आला. धप्प!
बोक्याने टोपी बघितली. टोपी हुंगली. आऽऽक्छी!
"आवडली! आवडली!" म्हणत रेवूने मोजा दिला.
बाबांनी दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा, वर चीज घालायचं राहिलंच होतं की!"
ओव्हनने वासला मोठा आ. वाकडूबाईने मारली उडी.
"सरका गं, मी आले!"
मधोमध बसली वाकडूबाई. अंगावर चीजची गोधडी.
टिक टिक टिक... टिंग!

बाबांनी खाल्लं. मऊ मऊ.
बोकोबाने सांडलेलं चीज चाटलं. लप लप.
रेवूने मोठ्ठा घास घेतला.
कुर्रुम!
"बाबा, हे काय वाजलं?"
रेवूच्या पोटातून आवाज आला, "मी वाजले! झाले बाई एकदाची खरपूस!"

गोष्ट गेली पोटात,
चमचा राहिला हातात.