झिलू ताऱ्याचा संसार

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा साखरखोलच्या नदीवर पूल नव्हता, फक्त झिलू होता. म्हणजे झिलू तारी. अलीकडची माणसं होडीतून पलीकडे आणि पलीकडची अलीकडे न्यायची हे त्याचं काम, आणि नेता नेता तोंड चालू ठेवायचं ही त्याची हौस. वल्ह्यापेक्षा जीभच जास्त चालायची मेल्याची! आवाज तर असा, की त्याने अलीकडे कुजबुज केली तर पलीकडच्या काठावरच्या म्हाताऱ्या तिथून उत्तर द्यायच्या, असं म्हणतात.

बायको गेलेली, मूलबाळ नाही. पण धक्क्यावर एक आईनाचं झाड होतं, चांगलं आभाळाला टेकलेलं, आणि त्याच्या शेंड्यावर गरुडाच्या जोडप्याचं घरटं. झिलूची सगळी नाती तिथेच. गरुडिणीला तो 'वयनी' म्हणायचा. तिने वरून माशाचा काटा होडीत टाकला की हा खालून भांडायचा, "वयनी, माणसां बसली आसत हंय! जरा बघून टाक गो!" माणसं हसायची. झिलू नाही हसायचा.

एका वर्षी गावाने देऊळ नवं बांधायला काढलं. तुळईला लांब आणि सरळ लाकूड हवं. बाबी गावकर, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, धक्क्यावर आला, त्याने मान वर केली आणि सांगून टाकलं, "ह्याच झाड तोडूचा."

झिलू वल्हं टाकून झाडाला पाठ लावून उभा राहिला. "गावकारानू, वर पोरगो आसा त्यांचो!"

"कोणी बघलो?"

कोण बघणार! घरटं इतकं उंच, की बघता बघता मान मोडायची. गरुडीण मासा घेऊन आली की तेवढ्यापुरतं पिल्लू डोकं वर काढायचं, आणि खाली गलबला असला की ती उतरायचीच नाही. झिलू म्हणाला, सगळा गाव घेऊन या, पुळणीवर वाळूत गप्प बसा, पिल्लू दिसेल. दिसलं तर झाड ठेवायचं, नाही दिसलं तर कुऱ्हाड. गावकर कबूल झाला. साखरखोल गप्प बसणार हे ऐकून आजूबाजूच्या गावांतली माणसंही ते बघायला आली, असं म्हणतात.

सकाळी सगळे पुळणीवर बसले. एकाने पान काढलं, दुसऱ्याने चुना मागितला, चुन्यावरून बांधाचा जुना वाद निघाला. गरुडीण मासा घेऊन आली, एक घिरटी घातली आणि परत गेली. बायका म्हणाल्या, पुरुषांना म्हणून गप्प बसता येत नाही, आणि हे पटवून द्यायला त्यांनी बराच वेळ घेतला. गरुडीण पुन्हा आली, पुन्हा गेली. झिलू तेवढा मुका. स्वतःचा भरवसा नाही म्हणून त्याने नदीचं खारं पाणी तोंडात धरून ठेवलं होतं. गाल फुगलेले, डोळे वटारलेले, आणि दोन्ही हातांनी गावाला दटावतोय. त्याचा तो अवतार बघून लोकांना हसू आवरेना, तो गोंधळ आणखी वेगळा.

ऊन माथ्यावर आलं. बोलून दमले म्हणा, भुकेने म्हणा, सगळे एकदाचे गप्प झाले. आणि गरुडीण आली. पायात मासा, पंख पसरलेले, घरट्यावर उतरायलाच लागली. आणि झिलूला एकदम आठवलं. अरे, देवाला सांगायचं राहिलंच की! त्याने पाणी गिळलं आणि अगदी ओठातल्या ओठात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या झाडार माजो संसार आसा. तेका कुराड लागा देव नको रे म्हाराजा!"

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडच्या माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की तोंड त्याच्या ताब्यात राहतं का? आणि ही तर झिलूची कुजबुज. सबंध पुळण एका दमात गरजली, "व्हय म्हाराजा!"

गरुडीण अशी दचकून उडाली, की तिच्या पायातला मासा सुटला तो थेट गावकराच्या मांडीवर. पिल्लू कोणाला दिसलं? कोणालाच नाही. झिलू वाळूत फतकल मारून ढसाढसा रडायला लागला. आपल्याच तोंडाने आपलं घर मोडलं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

गावकर उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "हाडा कुराड." पण जागचं कोणी हलेना. शेवटी देवळात गाऱ्हाणी घालणारा घाडी पुढे झाला. "गावकारानू, आताच देवाफुडे व्हय कोण म्हणालो?"

झालं! गावाने एकदा देवाला 'व्हय म्हाराजा' म्हटलं, की गाव शब्दात अडकला. तो शब्द फिरवायची कोणाची छाती नाही. आणि त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने ओरडला होता तो खुद्द गावकर. त्याने हातातल्या माशाकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटला. तुळई फणसाची झाली.

पुढे पुष्कळ वर्षांनी झिलू म्हातारा होऊन गेला. मागे कोणी नाही, म्हणून दहाव्याचा पिंड गावकरानेच ठेवला, त्याच पुळणीवर. पण कावळा काही शिवेना. गावकर हात जोडून म्हणाला, "झिलू, झाड कोण तोडूचो नाय रे." काही नाही. "देवळात तुज्या नावान दिवो लावतलव." तरी काही नाही. ऊन तापलं, माणसं ताटकळली. गावकराने वर घरट्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "झिल्या, तुज्या माणसांका बघूक आमी दरवर्साक येतलव. सगळे येतलव."

तेव्हा आईनाच्या शेंड्यावरून गरुडीण सुटली आणि पिंडच काय, पिंडाखालचं केळीचं पानसुद्धा उचलून वर घेऊन गेली, असं म्हणतात. याला शास्त्रात काय म्हणतात ते विचारायला भटजी जागेवर नव्हते, ते केव्हाच पळाले होते.

आजही घरट्यात पिल्लू झालं, की सगळं साखरखोल पुळणीवर जमतं. मुंबईचे चाकरमानी येतात, गळ्यात दुर्बिणी अडकवून शहरातलं पक्षीमित्र मंडळ येतं, त्यांनाही वाळूत बसवून गप्प करतात. गरुडीण मासा घेऊन उतरते, पिल्लू डोकं वर काढतं, आणि बाया लेकरांना उंच धरून दाखवतात. मग घाड्यांच्या घरातला म्हातारा हळूच म्हणतो, "बा देवा म्हाराजा, ह्या झाडार झिलूचो संसार आसा."

आणि एवढा तोंडाळ गाव, पण त्या वेळी ओरडत नाही. सगळे मिळून कुजबुजतात, "व्हय म्हाराजा."