शुक्र्या आणि निळी

शिळदऱ्याच्या डोंगरावर मोटारीचा रस्ता चढला नव्हता आणि वाडीला खाली कोणी नावानं ओळखत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट आहे. वाडीतली सगळी माणसं कोळसा पाडायची. रानात लाकूड रचायचं, त्यावर पाला घालायचा, पाल्यावर माती लिंपायची, मातीला भोकं ठेवायची आणि अशा भट्टीच्या आत विस्तव सोडायचा. मग धुराकडे बघत बसायचं. धूर पांढरा असला की लाकूड रडतंय म्हणायचे. धूर विरळ निळसर झाला की कोळसा पिकला म्हणायचे आणि भोकं बुजवून टाकायचे.

त्या वाडीत बुधी आणि शुक्र्या असे बहीणभाऊ राहत. ती बुधवारी जन्मली म्हणून बुधी, हा शुक्रवारी जन्मला म्हणून शुक्र्या. आईबाप गेलेले. बुधीनं त्याला वाढवला होता. तो वीस वर्षांचा बाप्या झाला तरी ती त्याला चारचौघांत कान धरून घरी न्यायची. शुक्र्या डोक्यानं गरम होता. आधी हात उचलायचा, मग विचार करायचा. पण बुधीनं हाक मारली की मुकाट उभा राहायचा, असं म्हणतात.

एका थंडीत बुधीला ताप भरला. हुडहुडी थांबेना. शुक्र्यानं नुकत्याच फोडलेल्या भट्टीतले निखारे घमेल्यात भरले आणि तिच्या उशाशी आणून ठेवले. खोपीच्या फटींत त्यानं गोणपाटं कोंबली. वारा शिरायला जागा ठेवली नाही.

बुधी म्हणाली, "धूर कोंडेल रे."

तो म्हणाला, "पिकल्या कोळशाला धूर कुठला? डोळ्यांत पाणी तरी येतंय का तुझ्या?"

तिच्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं. तेव्हा वाडीत सगळे असंच मानायचे, की डोळा झोंबला नाही म्हणजे भीती नाही. दुसऱ्या एका भट्टीची माती तडकली होती म्हणून शुक्र्या दार लोटून तिकडे गेला. उजाडल्यावर परत आला तर बुधी शांत पडलेली. अंग थंडगार होतं आणि गाल मात्र लालबुंद, जसे जत्रेतून आल्यावर व्हायचे.

त्या गालांमुळे शुक्र्याला पटेना. वाडीचा नाईक चांग्या म्हणाला, "शुक्र्या, बहीण गेली तुझी." शुक्र्यानं त्याच्या थोबाडीत मारली. पूर्ण एक दिवस त्यानं तिला उचलू दिलं नाही. मेलेल्या माणसाचे गाल कधी असे असतात का, असं तो येईल त्याला विचारत राहिला. शेवटी वाडीतल्या राघीम्हातारीनं त्याला जवळ घेतलं आणि बाकीच्यांनी बुधीला नेलं.

त्या दिवसापासून शुक्र्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. धूर नव्हता, साप नव्हता, कोणी माणूस आला नव्हता. मग माझ्या बहिणीला नेलं कोणी? ज्यानं नेलं त्याला मला डोळ्यांनी बघायचंय.

तेच घमेलं त्यानं अंगणात ठेवलं, निखारे भरले आणि समोर बसला. अन्न नाही, पाणी नाही. दिवसभर काही दिसलं नाही. सूर्य डोंगराआड गेला आणि उजेड कमी झाला, तेव्हा त्याला दिसली. निखाऱ्यांच्या वर बोटभर उंचीची निळी ज्योत. कोळशाला ती टेकत नव्हती. वरच्यावर चालत होती, इकडून तिकडे, पदर सावरत चालल्यासारखी.

"तू होय?" शुक्र्या म्हणाला.

ती विझली. विझली तेव्हा शुक्र्याचं डोकं जड झालं, कानात घूं घूं सुरू झालं. पुन्हा पेटली तेव्हा हलकं वाटलं. तेव्हा त्याला कळलं, असं म्हणतात, की पेटलेली असते तोवर ती दिसते आणि कोणाचं काही घेत नाही. न पेटलेली दिसत नाही, आणि तीच माणसाच्या उशाशी येऊन बसते. त्यानं तिचं नाव निळी ठेवलं. निळीला मारता येत नव्हतं. तिला पेटवता येत होतं.

निळीला पेटती ठेवील अशी चूल करायची म्हणून तो खालच्या गावी कुंभाराकडे जाऊन मडकी आणू लागला. एका मडक्यात दुसरं मडकं बसवायचं, मध्ये दोन बोटं जागा सोडायची, आतल्याला बुडाशी आणि गळ्याशी भोकं पाडायची. आत सुक्या काटक्या उभ्या भरायच्या. पहिलं तडकलं. दुसऱ्यात सगळ्या लाकडाची राख झाली, कारण बुडाची भोकं मोठी होती. तिसऱ्याचा धूर अख्ख्या वाडीभर पसरला.

कुंभार म्हणाला, "शुक्र्या, लग्न काढलंस की काय? इतकी मडकी कशाला?"

"फोडायला," शुक्र्या म्हणाला.

अकरा मडकी फुटली. बाराव्याला त्यानं खालून विस्तव घातला आणि पुन्हा धुरानं डोळे भरले. शुक्र्याचं डोकं फिरलं. त्यानं फावडंभर निखारे उचलले आणि मडक्याच्या डोक्यावर ओतले, की जा जळून. तर वरचं लाकूड पेटलं, आग हळूहळू खाली उतरू लागली आणि धूर दिसेनासा झाला. गळ्याच्या भोकाभोकातून ज्योती आत वाकल्या, फुलाच्या पाकळ्यांसारख्या. लाकूड जळत नव्हतं. लाकडाचा धूरच जळत होता. बऱ्याच वेळानं पिवळ्या ज्योती बसल्या आणि मधोमध निळी उभी राहिली. शुक्र्यानं मडकं अंगणात ओढलं, तोंडावर झाकण ठेवलं आणि ओल्या मातीनं सगळं लिंपून टाकलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर काटक्या होत्या तशाच उभ्या, काळ्या, आणि टिचकी मारली की काशाच्या भांड्यासारख्या वाजणाऱ्या.

त्यानं वाडीला बोलावून दाखवलं. स्वयंपाक झाला, धूर झाला नाही आणि वर कोळसा मिळाला. पण राघीम्हातारी मागे सरकली.

"अरे, डोक्याकडून मेलेल्या माणसाला पेटवतात," ती म्हणाली. "चुलीला का मारतोस?"

ते ऐकल्यावर कोणी त्या चुलीला हात लावला नाही. वाडीतल्या बाया त्याच्या खोपीवरून जाताना पोरांना पलीकडच्या बाजूला घ्यायच्या. शुक्र्या एकटाच त्या चुलीवर रांधायचा. निळी उभी राहिली की तिला शिव्या द्यायचा. कधी कधी आतून शिव्यांऐवजी नुसतं बोलणं ऐकू यायचं, असंही म्हणतात, आणि मध्ये मध्ये तो गप्प व्हायचा, समोरचं माणूस बोलत असावं तसा.

मग तो माघातला दिवस आला. दुपारी अंधारून आलं आणि लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या. शुक्र्याची सोडून बाकी खोपींची छपरं फाटली, पण त्याच्या खोपीकडे कोणी फिरकलं नाही. सगळी वाडी नाइकाच्या घरात शिरली, कारण त्याच्या कुडाच्या भिंती तेवढ्या धड होत्या. माणसं भिजून काकडली होती. नाइकानं मोठं घमेलं भरून निखारे आत घेतले आणि दाराच्या फटीत घोंगड्या कोंबल्या.

शुक्र्या रानातल्या भट्टीवरून धावत आला. दार ढकलून आत पाहिलं तर माणसं एकमेकांवर रेलून बसलेली, अर्धी झोपलेली.

"बाहेर निघा," तो ओरडला.

"आला बघा निळीचा नवरा," कोणीतरी म्हणालं आणि दोघं तिघं झोपेतच हसले.

नाइकाची सून मांडीवरच्या पोरीला थोपटत म्हणाली, "दार लाव रे. बघ की, ऊब लागून कशी लाल झाली पोर."

शुक्र्यानं पोरीचे गाल पाहिले. त्यानं कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली आणि समोरच्या कुडाला घातली.

"माझी भिंत," नाईक पुटपुटला. त्याला उठता येत नव्हतं.

"भिंत उद्या लिंपून देतो. ऊठ."

कूड पाडून त्यानं एकेकाला फरफटत बाहेर काढलं. पोरगी गारांत पडली आणि रडली. ती रडली तेव्हा शुक्र्याही रडला, असं म्हणतात.

"माझ्या खोपीचं छप्पर धड आहे," तो म्हणाला. "तिकडे जा. चूल भरून ठेवलीय. वरून पेटवा, दार उघडं ठेवा. पिवळी आहे तोवर बसा. निळी उभी राहिली की चूल बाहेर काढा आणि लिंपा."

पण माणसं थंडीनं गारठली होती, डोकी ताळ्यावर नव्हती. ती रांगत रांगत परत त्याच घमेल्याकडे सरकू लागली. तेव्हा शुक्र्यानं ओल्या फडक्याची चुंबळ केली आणि ते घमेलं उचलून डोक्यावर घेतलं. निखाऱ्यांवर हातभर उंच निळी उभी राहिली. वरून गारा पडत होत्या आणि ती विझत नव्हती.

"टाक ते खाली, लेकरा," राघीम्हातारी म्हणाली.

"इथं टाकलं तर तुम्ही परत त्याच्याभोवती बसाल."

तो वाडीखालच्या घळीकडे चालू लागला. गारांच्या पडद्यात आधी तो दिसेनासा झाला, मग नुसती निळी ज्योत दिसत राहिली. राघीम्हातारी मरेपर्यंत शपथेवर सांगायची की घळीतून दोन आवाज येत होते. एक शुक्र्याचा आणि एक बाईचा. ती त्याला रागावत होती आणि तो उलट बोलत नव्हता.

मग म्हातारीच उठली, सगळ्यांना शुक्र्याच्या खोपीत घेऊन गेली आणि तिनं स्वतःच्या हातानं ती चूल डोक्यावरून पेटवली. त्या दिवशी वाडीतलं एकही माणूस गेलं नाही. गारा थांबल्यावर घळ शोधली. घमेलं सापडलं. त्यातल्या एकाही निखाऱ्याची राख झाली नव्हती. शुक्र्या सापडला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

आता शिळदऱ्यात घरोघरी चूल वरूनच पेटते. मडक्यांच्या जागी पत्र्याचे डबे आलेत, पण दोन बोटांची जागा तीच आहे. निळी उभी राहिली की चूल बाहेर जाते, घरात पाहुणे जेवत असले तरी. आणि थंडीचे दिवस आले की उजाडताना वाडीतला एक जण दारोदार फिरतो. घरातल्या प्रत्येकाला नावानं हाक मारतो. ओ द्यावीच लागते. भांडण असो, आजार असो, तान्ह्या पोराची ओ त्याची आई देते. शेवटचं घर झालं की तो घळीच्या तोंडाशी उभा राहतो आणि दोन नावं घेतो, आधी बुधीचं, मग शुक्र्याचं. तेव्हा अख्खी वाडी आपापल्या दारातून ओ देते.