कच्चं लिंबू

फार वर्षं झाली, एका माळावर सशांची वस्ती होती. त्यातल्या ठिपकीचा मागचा पाय जन्मापासूनच वाकडा. पिल्लं लपाछपी खेळायला निघाली की तिची आई घाबरून सांगायची, "बाळांनो, तिला सांभाळून घ्या रे. पडेल ती."

"काळजी नको काकू, ती आमचं कच्चं लिंबू!" म्हणजे खेळात घ्यायचं, पण तिच्यावर राज्य कधी द्यायचं नाही. आईला तेवढ्यानंही बरं वाटायचं.

एकदा ठिपकी करवंदीच्या जाळीत शिरली आणि अंग चोरून बसली. राज्य भुऱ्यावर होतं. त्यानं बाकीच्यांना शोधलं आणि सगळे खिदळत घरी गेले. कच्च्या लिंबाला कोण शोधतंय?

दिवस मावळला तरी लेक आली नाही, म्हणून आई हाका मारत माळभर फिरली. शेवटी जाळीतून कुजबुज आली, "आई, हळू बोल ना! भुऱ्याला कळेल. आज मी कुणालाच सापडले नाही!"

डाव केव्हाच संपलाय, हे आईच्या तोंडून निघेना. काट्यांतून आत शिरून ती लेकीला चिकटून बसली. भुऱ्या शोधायला येईल म्हणून लेक वाटेकडे बघत होती. आता आईही बघू लागली.