रांजणात बुडवलेला हात

“म्हणजे सगळ्यांचीच दारं लावलीस?” मठ सांभाळणाऱ्या अक्कांनी विचारलं.

“सगळ्यांची. आता सर्व्हरवर एकटा मी.” विश्वंभरची मान ताठ.

मठ डोंगरावर, मठाचे दवाखाने खालच्या गावांत. आजाऱ्यांची सगळी माहिती मात्र मठातल्या सर्व्हरवर. कंपनीतली नोकरी सोडून आलेल्या विश्वंभरनंच तो बसवला. खालच्या नर्सबाया गावात बसून लांबून तो उघडायच्या. काम झटपट व्हावं म्हणून पठ्ठ्यानं सरसकट सगळ्यांना सगळे हक्क देऊन टाकलेले. बघा, लिहा, पुसा!

काल एका अख्ख्या गावाची माहिती पुसली गेली. जपून ठेवलेल्या प्रतीवरून त्यानं ती परत आणली खरी, पण दुधानं तोंड भाजलं म्हणून आज ताकच ओतून मोकळा झाला.

तेवढ्यात अक्कांचा फोन वाजला. खालच्या दवाखान्यातून नर्स यमुनाबाई.

“अक्का, इथं एक म्हातारा तापानं फणफणलाय. कुठलं औषध त्याला सोसत नाही ते दिसंना. तासभर विश्वंभरदादांना फोन लावतेय!”

“मी ध्यानाला बसलो होतो,” विश्वंभर पुटपुटला. घाईनं लॅपटॉप उघडून, म्हाताऱ्याचं नाव विचारून त्यानं न सोसणारं औषध सांगितलं.

“उद्या समाधी लागली तुमची, तर आमच्या म्हाताऱ्याचं कुणाला विचारायचं?” बाईंनी फोन आपटला.

“मग पुन्हा सगळ्यांना सगळं देऊ? परत कुणीतरी पुसेल, अक्का!”

अक्का उठल्या, दाराशी गेल्या, बाहेर बोट दाखवलं.

दाराशी पाण्याचा रांजण. त्यावर लांब दांड्याचं ओगराळं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं ओगराळ्यानं घ्यावं, प्यावं. आत हात घालायचा नाही, ही मठाची रीत. भरायचं काम मठातल्या भिवा गड्याचं, आतून घासायचं अक्कांचं.

विश्वंभर बघत राहिला. हे काय दाखवतायत…?

मग डोळे लकाकले. तिथंच पायरीवर बसून त्यानं बोटं चालवली.

“झालं, अक्का! बाईंनी आपल्याच गावाचं बघायचं, लिहायचं, तेही दवाखान्यातल्याच कॉम्प्युटरवरून. पुसायचं कुणीच नाही. सगळे हक्क फक्त माझ्याकडे. मी रात्रंदिवस त्याच हक्कानं आत असतो, मग कसली भीती?”

घसा कोरडा पडला होता. खुशीत त्यानं आपला तांब्या थेट रांजणात बुडवला.

अक्कांनी मनगट धरलं.

“अहो, मी मठातलाच ना!”

“काल कुणाच्या हातनं पुसलं रे?”

विश्वंभरनं तांब्या बाहेर काढला.

“माझ्याच. जुनं काही आवरत होतो… चुकून…”

अक्कांनी मनगट सोडलं. ओगराळं त्याच्यापुढं धरलं.

“हा रांजण आतून मी घासते,” त्या म्हणाल्या. “तहान लागली की मीही ह्यानंच पिते.”