पाठीची माती

“पण वस्ताद, पायांत जोर असताना पोरगी उडी का मारत नाही?”

धैर्यशीलनं हे तिसऱ्यांदा विचारलं. बाळेखान वस्ताद तालमीच्या हौद्यात उकिडवे बसून लाल मातीतली ढेकळं बोटांनी फोडत होते. पंचाहत्तरी उलटली तरी हे काम त्यांनी कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

धैर्यशील मगदूम याच हौद्यात वाढलेला पैलवान. सलग तीन वर्षं त्याच्या पाठीला माती लागली नव्हती, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेला कुणी भेटलाच, तर हा गडी स्वतःच सांगून मोकळा व्हायचा. यंदा जूनपासून तो बालवाडीला खेळाचा सर झाला होता. चार-पाच वर्षांची चाळीस पोरं, आणि याच्या गळ्यात शिट्टी.

“उडी कुठनं मारायची?” वस्तादांनी मान वर न करता विचारलं.

“बाकावरून खाली. गुडघ्याएवढा बाक आहे.”

“तुझ्या गुडघ्याएवढा, का तिच्या?”

“तिच्याच, वस्ताद. तेवढं कळतं मला.”

“कळतं… बरं.”

“खाली वाळूसुद्धा टाकून घेतलीय. एकोणचाळीस पोरं मारतात. ही राहीच तेवढी बाकावर चढते आणि खांबासारखी उभी राहते. काय करू, सांगा.”

“घरी काय करती ती?”

आता मात्र धैर्यशील घुटमळला. सांगावं की न सांगावं… पण वस्तादांपुढं लपवून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

“परवापासून शाळेत येईना, म्हणून काल घरी गेलो होतो. ओट्यावरून उड्या मारत होती. बाक काय, त्याच्या दुप्पट उंच ओटा. खाली बांधकामाची वाळू. धप्पकन पडायची, हसायची, परत चढायची. मला बघितलं आणि आत पळाली.”

“मग?”

“आई म्हणाली, शाळेचं नाव काढलं की कॉटखाली जाऊन बसते. आता पाठवत नाही, पटावरून नाव कमी करा. वस्ताद, मी हात उगारला नाही, रागावलो नाही. तरी ती बाई माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी पोरीला काही केलंय. रात्रभर डोळा लागला नाही माझा.”

वस्तादांनी एक ढेकूळ उचललं, फिरवून बघितलं, पुन्हा खाली ठेवलं.

“तुझ्या शाळेत उडी मारून पोर पडलं, तर?”

“बाद.”

“म्हंजे?”

“भिंतीला जाऊन बसायचं. पाठीला माती लागली की बाद. आपल्या तालमीचाच कायदा नेलाय मी तिकडं.” हे सांगताना त्याची छाती जरा फुगलीच. “लहानपणापासूनच सवय लागलेली बरी.”

“राही पडली हुती?”

“एकदाच. पहिल्या दिवशी, उताणी. सगळी पोरं ‘बाद, बाद’ करून नाचली. मीही…”

“तूही?”

“हसलो थोडा. तिचा फ्रॉक मागून सगळा मळला होता. भिंतीला बसेपर्यंत तो झाकत होती बिचारी.”



वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले, हौद्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि बोटानं धैर्यशीलला बोलावलं.

“ये. खडाखडी कर. झोंब माझ्याशी.”

“तुमच्याशी? वस्ताद, तुमचं वय…”

“वय माझं हाय. तू ये.”

शर्ट काढून, माती कपाळाला लावून तो हौद्यात उतरला. आता म्हाताऱ्याला धरावं तरी कुठं, या विचारात त्यानं नुसती बोटं वस्तादांच्या खांद्याला टेकवली.

वस्ताद धाडकन पाठीवर पडले.

धैर्यशील घाबरून गुडघ्यांवर बसला, तर वस्ताद मातीत पडल्या पडल्या आढ्याकडं बघत होते. मिशीतल्या मिशीत हसत होते.

“चीत केलंस की रं मला.”

ते वाक्य, तो हेल… धैर्यशीलला एकदम आठवलं. पाच वर्षांचा होता तो. वडिलांच्या धोतराचा सोगा सोडायला तयार नव्हता, रडून रडून नाक लाल झालं होतं. या एवढ्या थोरल्या माणसानं त्याच्यापुढं खाली बसून म्हटलं होतं, बोट लाव बघू. त्यानं बोट लावलं, आणि अख्ख्या तालमीसमोर वस्ताद असेच कोसळले होते. त्या दिवशी त्यानं त्यांना नऊ वेळा पाडलं. घरी जायला नको म्हणून पुन्हा रडला. एवढी मोठी गोष्ट, आणि तीस वर्षांत एकदाही मनात आली नाही… कुठं दडून बसली होती कोण जाणे.

“तुम्हाला तेव्हा लाज नाही वाटली, वस्ताद?” त्यानं हळू विचारलं. “सगळे हसत होते.”

“हात दे. उठीव मला.”

त्यानं हात दिला. म्हाताऱ्यानं तो धरला, टाच त्याच्या पोटरीमागं घातली आणि असा काही झटका दिला, की तीन वर्षांचा अजिंक्य पैलवान पोत्यासारखा उताणा पडला. तालमीच्या दारातल्या दोघातिघांनी ते बघितलं. एकजण फिसकन हसलाही.

धैर्यशील तसाच पडून राहिला. माती गार होती, तिच्यात कालवलेल्या ताकाचा आणि हळदीचा वास येत होता. चेहऱ्यावर आधी रक्त चढलं, मग कधी नव्हे ते त्याला हसू फुटलं. किती दिवसांनी हे छप्पर खालून बघतोय, असं त्याला वाटलं.

उठून बसला आणि सवयीनं माती झटकायला हात पाठीकडं गेला.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे ती. शर्ट घालू नगंस. तसाच जा राहीच्या दारात.”

“असा? वस्तीतून, उघडा?”

“व्हय.”

धैर्यशीलनं शर्ट हातात घेतला, घडी घातली, पुन्हा मोडली. उंबऱ्यापर्यंत गेला आणि मागं वळला.

“पण वस्ताद, तिथं जाऊन पोरीला सांगू काय?”

वस्ताद पुन्हा ढेकळं फोडायला बसले होते.

“सांगू नगं काही… पाठ फिरवून खाली बस, आणि तिला झटकू दे.”